तंजावरच्या राजवाड्यातील एक दिवस



एका मराठी शाळेत एकाच वर्गात शिकलेले चार मित्र पुढे नोकरीव्यवसायानिमित्त चार प्रांतांत विखुरले. अनेक वर्षांनी ते तिरुचिरापल्लीस एकत्र जमले आणि एका दिवसासाठी तंजावरला गेले. सोबत त्यांपैकी चेन्नईत स्थायिक झालेल्या एकाची दहा वर्षांची मुलगी होती.

तंजावरचा राजवाडा मुळात नायक राजांचा. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७६ च्या सुमारास येथे मराठी राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत ते टिकले. उंच मनोरा, रंगीत खांबांचा दरबार आणि चोळकालीन कांस्यमूर्ती पाहून मंडळी सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दालनात आली.

नायकांच्या काळापासूनच्या या ग्रंथसंग्रहाला खरे वैभव दिले ते सरफोजीराजे दुसरे (१७९८–१८३२) यांनी. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते तेथे शेजारी शेजारी नांदतात. सरफोजींनी देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या कथा मराठीत छापविल्या. ‘कुरवंजी’ हा तमिळ नाट्यप्रकार घेऊन त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले आणि त्यातून जगाचा भूगोल सांगितला. त्यांच्याही शतकभर आधी शहाजीराजांनी येथेच ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक लिहिले होते. कावेरीकाठच्या मराठीने परक्या भूमीशी वैर धरले नाही. तिच्याकडून घेतले आणि तिला दिलेही.

दुपारी मंडळी बृहदीश्वराच्या मंदिरात गेली. सरफोजींच्या आज्ञेने १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा विस्तृत शिलालेख तेथील भिंतीवर आहे. चौघे मित्र अडखळत, जुन्या वळणाची अक्षरे लावीत वाचू लागले. मुलगी काही वेळ ऐकत राहिली. मग तिने विचारले, “बाबा, ही आपलीच भाषा आहे ना? मग मला का वाचता येत नाही?”

ती घरी उत्तम मराठी बोलत असे. शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकत असे. वडिलांनी तिच्यासाठी चांगली शाळा निवडली होती, तिच्या शिक्षणात काही उणे ठेवले नव्हते. तरीही या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

तंजावरातील अनेक मराठी कुटुंबांचीही हीच कथा आहे. घरात मराठी अजून बोलली जाते, पण देवनागरी वाचण्याचा सराव कित्येक घरांतून मावळला. मोडी दफ्तरे आहेत. ती वाचणारे थोडे. राज्य गेल्यावरही ग्रंथ वाचले आणि १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांस खुले झाले. मात्र कपाटात सुरक्षित असलेल्या ग्रंथाला वाचकही लागतो, आणि तो प्रत्येक पिढीत नव्याने घडवावा लागतो.

परतीच्या गाडीत वडिलांनी तिकिटाच्या मागील कोऱ्या बाजूवर मुलीचे नाव देवनागरीत लिहिले. तिने ते बोटाने गिरवले. तिरुचिरापल्ली येईपर्यंत चौघांचीही नावे लिहून झाली होती. एकाच्या नावातील वेलांटी तेवढी चुकली होती.

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेने साठ वर्षे हेच काम केले आहे. येथे वेलांटी शिकलेल्या प्रत्येकाने ती आपल्या घरातील एका तरी मुलास शिकवावी, एवढीच या प्रसंगी विनंती.