किल्ली मिळाल्यानंतर

मुंबईत घरांच्या धोरणासाठी झटणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांचा बराचसा वेळ पात्रतेच्या कागदांत जातो. झोपडी 1 जानेवारी 2000 पूर्वीची असल्याचा पुरावा, परिशिष्ट दोनमधलं, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीतलं नाव, इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या निवाऱ्याचं थकलेलं भाडं. ही लढाई खरीच आहे, पण ती नव्या घराची किल्ली हातात पडेपर्यंतची. आर्थिक समतेचा हिशोब त्यानंतर दर महिन्याला मांडावा लागतो, आणि तो मांडणारे फार थोडे.

झोपडपट्टी पुनर्वसन योजना 1995 सालची. तेव्हा 225 चौरस फुटांचं घर फुकट होतं. ते पुढे 269 आणि मग 300 चौरस फुटांवर गेलं. बिल्डरला मोबदल्यात विक्रीसाठी वाढीव बांधकाम. मजले चढत गेले. बैठ्या वस्तीत नसलेली लिफ्ट आली, पाण्याचा पंप आला, जिन्यातले दिवे आले. बिल येतं सोसायटीच्या नावानं, भरायचं मात्र राहणाऱ्यांनी.

गरजूला दुभती गाय दान द्यावी आणि वैरणीचं नाव काढू नये, तसं हे झालं. गाय दावणीला बांधताना फोटो निघतो; वैरण रोज लागते, तिचा फोटो कोण काढणार? काही दिवसांत गाय आटते, आणि मग शेजारीपाजारी म्हणतात, याला गाय सांभाळताच येत नाही. पुनर्वसनातलं घर विकून कुणी पुन्हा झोपडीत गेलं, की नेमकं हेच बोललं जातं.

वैरणीची सोय योजनेत अजिबात नव्हती, असं नाही. बिल्डरनं घरामागे 20,000 रुपये ठेवायचे आणि व्याजातून देखभाल चालवायची. तेव्हाच्या साधारण बारा टक्के दरानं महिन्याला 200 रुपये होत. पुढे ठेव 40,000 झाली, पण व्याज सहा टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे पुन्हा 200च! लिफ्ट दुरुस्त करणारा काही 1995चा दर लावत नाही.

तेव्हा पुन्हा तेच सांगणं भाग आहे: घर फुकट मिळालं तरी त्यात राहण्याचा खर्च आहेच. ठेव इमारतीच्या उंचीप्रमाणे आणि चालू व्याजदराप्रमाणे ठरायला हवी. निदान वस्तीच्या पुढच्या सभेत तरुणांनी चौरस फुटांच्या आधी महिन्याच्या बिलाचा आकडा विचारावा, आणि तो लेखी घ्यावा.