अंधांची वाट आणि आम्ही डोळस

पांढरी काठी जमीन चाचपते. कपाळाच्या उंचीवरची अडचण तिला कळत नाही. ईश्वरपूरच्या पेठेत दुकानापुढे खाली उतरलेला पत्रा अंध बांधवाच्या थेट डोक्याला लागतो. दिल्लीच्या आय. आय. टी.ची २०१४ साली आलेली 'स्मार्टकेन' ही उणीव भरून काढते. तिच्या मुठीतून आम्हांला ऐकू न येणारा ध्वनी निघतो. तीन मीटरांवरील अडथळ्याचा पडसाद सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत परततो आणि मूठ थरथरते. ह्याच तत्त्वावरची यंत्रे चष्म्यावर, मनगटावर वा छातीवरही बांधता येतात. परंतु पायाखालचा खड्डा त्यांना सहसा उमगत नाही. म्हणून काठी सुटत नाही. खड्डा आणि पत्रा मात्र आम्हां डोळसांचेच! ते दूर करण्यास कोणत्या यंत्राची वाट पाहावयाची?