कचेरीतली नाना तऱ्हेची माणसे

गेल्या जून महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी भेटायला आली. बी.एस्सी. होऊन ती पुण्यात संगणकाच्या एका मोठ्या परदेशी कंपनीत लागली, त्याला नुकतेच वर्ष झाले होते. मी सहज विचारले, "काय गं, काम जमतं का?" ती म्हणाली, "सर, काम जमतं. पण पहिले तीन महिने डबा मी एकटीनेच खाल्ला."

झाले होते असे. भोवतालचे सगळे फाडफाड इंग्रजी बोलणारे. हिच्या बोलण्यातला गावाकडचा हेल ऐकून पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हसले. त्या दिवसापासून बैठकीत हिने तोंड म्हणून उघडले नाही. कामातली एक चूक हिला दिसली होती. उपायही सुचला होता. तो तिने वहीच्या कागदावर लिहून ठेवला. पंधरा दिवसांनी तोच उपाय दुसऱ्याने मांडला आणि तो मान्य झाला! श्रोतेहो, एकटीने खाल्लेल्या डब्यापेक्षा त्या कागदाचीच मला अधिक हळहळ वाटली.

जगभर पसरलेल्या या कंपन्यांत नाना देशांची, धर्मांची, भाषांची माणसे, स्त्रिया आणि पुरुष, धडधाकट आणि अपंग, एकत्र काम करतात. याला आता 'विविधता' असे भारदस्त नाव मिळाले आहे. प्रश्न मात्र जुनाच आहे. दार उघडले, तरी आत बसायला जागा मिळते का?

आयबीएम या अमेरिकन कंपनीचेच उदाहरण घेऊ. १९११ साली ती निघाली आणि १९२४ साली तिने हे नाव घेतले. १९३५ साली तिने पदवीधर तरुणींना शिक्षण देऊन जबाबदारीच्या कामावर नेमले. ग्राहकांच्या कचेरीत जाऊन यंत्रे कशी वापरावीत हे त्या शिकवीत. तुम्ही म्हणाल, वा! पण थांबा. लग्न झाले की बाईने नोकरी सोडावी, असा त्याच कंपनीत दंडक होता. तो सैल झाला १९५१ साली.

पुढे १९५३ साली कंपनीला केंटकी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत कारखाने काढायचे होते. तिकडे तेव्हा गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. कंपनीचे अध्यक्ष धाकटे थॉमस वॉटसन यांनी २१ सप्टेंबरला आपल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. माणूस घेताना त्याचा वंश, वर्ण आणि धर्म पाहायचा नाही, अंगची लायकी पाहायची, असे त्यात बजावले होते. वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा आणि नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा. म्हणजे एक व्यापारी कंपनी कायद्याच्या पुढे चालली होती.

आणि तीच कंपनी १९६८ साली अडखळली. लिन कॉनवे ही बुद्धिमान अभियंता १९६४ पासून तिथे काम करीत होती. संगणकाने एकाच वेळी अनेक आज्ञा कशा पाळाव्यात, याची युक्ती तिने शोधली होती. जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली होती. पुढे तिने स्त्री म्हणून जगायचे ठरवले आणि उपचार सुरू केले. हे कळताच तिला काढून टाकण्यात आले. तिने आपला भूतकाळ झाकून नव्या नावाने अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. पुढे कार्व्हर मीड यांच्याबरोबर तिने लिहिलेल्या पुस्तकावरून अभियंत्यांची एक पिढी संगणकाच्या चकत्या आखायला शिकली. कंपनीने तिची जाहीर माफी मागितली ती २०२० साली, म्हणजे बावन्न वर्षांनी! २०२४ साली ती वारली. तिच्या बुद्धीचा लाभ दुसऱ्यांना झाला. हे नुकसान एकट्या लिनचे झाले काय? कंपनीचेही झालेच.

याच कंपनीत १९८१ साली जिनी रोमेटी साध्या अभियंता म्हणून लागल्या. वडील घर सोडून गेले होते; आईने चार मुले वाढवीत काम केले, शिक्षणही घेतले. २०१२ साली रोमेटी कंपनीच्या पहिल्या स्त्रीप्रमुख झाल्या. त्याच सुमारास, २०११ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कंपनीने एक शाळा उभी करायला हात दिला. तिथे गरीब घरची मुले शाळेबरोबरच कॉलेजची दोन वर्षे पुरी करतात आणि कंपनीतली अनुभवी माणसे त्यांना मार्ग दाखवतात. पुढे कित्येक जागांसाठी पदवीची अटही कंपनीने काढली.

२०२५ साली मात्र अमेरिकेत वारे फिरले. कित्येक बड्या कंपन्यांनी विविधतेचे विभाग आवरते घेतले किंवा त्यांची नावे बदलली. कागदावरचे धोरण असे वाऱ्याबरोबर बदलते. अंगी मुरलेली रीत सहसा तशी बदलत नाही, आणि म्हणूनच मला शिक्षकबंधूंशी आणि भगिनींशी बोलायचे आहे.

माझ्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले ते सांगतो. चौथ्या महिन्यात तिच्या गटावर एक तमिळ बाई वरिष्ठ म्हणून आल्या. बैठक संपताना त्या म्हणाल्या, "तू मघापासून काहीतरी लिहीत होतीस. काय लिहिलंस? वाच." तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाचले. कुणी हसले नाही. बस्स, एवढेच घडले! त्या दिवसापासून ती बोलू लागली.

तर आपल्या वर्गात हे आधीच का घडू नये? रोज एका मुलाला दोन मिनिटे उभे राहून आपले म्हणणे मांडू द्या. त्याच्या बोलीला कुणी हसले, तर हसणाऱ्याला तिथेच थांबवा. "मला कळलं नाही, पुन्हा सांगा" असे म्हणायला मुलांना शिकवा. नव्या नोकरीत हे वाक्य फार उपयोगी पडते. पालकांना एकच सांगणे. मुलगी पहिल्या महिन्यात फोनवर रडली म्हणून तिला लगेच परत बोलावू नका. आधी विचारा, "तिथं तुझं ऐकून घेणारं कुणी आहे का?"

आणि उद्या वर्गात गेलात की मागच्या बाकावर पाहा. तिथे एखादे मूल काहीतरी लिहून हाताने झाकत असेल. त्याला एवढेच म्हणा, "काय लिहिलंस? वाच पाहू."