खुनाआड दडलेला हिशेब
(मिरज येथील भाषण)

जेम्स केन यांची ‘मिल्ड्रेड पिअर्स’ ही कादंबरी १९४१ ची. महामंदीच्या काळात नवऱ्यापासून विभक्त झालेली गृहिणी हॉटेलात वाढण्याचे काम पत्करते आणि पुढे उपाहारगृहांची मालकीण होते. कादंबरीत खून नाही. १९४५ च्या चित्रपटाने तो आरंभीच घातला. मंदी मागे पडली आणि स्त्रीच्या कर्तबगारीवरच जणू खटला उभा राहिला. २०११ साली टॉड हेन्स यांनी दूरचित्रवाणीसाठी ही कथा पाच भागांत नव्याने मांडली. खून गेला, मंदी, मजुरी आणि कर्ज परत आले.

ही कथा आपल्याला परकी नाही. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या मुंबईच्या खानावळवाल्या सावकाराच्या विळख्यात होत्या. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. रुग्णांच्या नातेवाइकांना डबे पुरवणारे मिरजेतले हातही याच जातकुळीचे.

आपल्या मालिकांत स्वयंपाकघर रोज दिसते. कारस्थानेही तिथेच शिजतात. पण त्या चुलीमागच्या श्रमांचे मोल काय, हा प्रश्न कार्यकर्त्यांनीच विचारला पाहिजे.