मागणीपत्राविना मतदान



हुजूर पक्षाच्या एका वृद्ध पुढाऱ्याविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. केनेथ क्लार्क यांचा गौरव करायला मी उभा नाही. पण त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. युरोपीय संघातून निघावे म्हणणारे शेकडा ५१.९, राहावे म्हणणारे ४८.१. पुढे १ फेब्रुवारी २०१७ रोजी कॉमन्स सभेत निघण्याच्या विधेयकावर मते पडली, ४९८ विरुद्ध ११४. त्या ११४ जणांत हुजूर पक्षाचा सभासद एकच, तो म्हणजे क्लार्क. १९७० पासून सभागृहात बसलेले, गृहखाते आणि अर्थखाते सांभाळलेले. त्यांचे म्हणणे असे, की मतदार सभासदाला पाठवतात ते स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायला, निरोप पोचवायला नव्हे.

आमच्या युनियनमध्ये हे चालत नाही. बहुमताने संप ठरला की विरोधात हात वर केलेला माणूसही दुसऱ्या दिवशी गेटवर येतो. पण मतदानाआधी आम्ही मागणीपत्र वाचून दाखवतो. पगार किती, भत्ता किती, कोणत्या अटींवर परत जायचे, हे मत देणाऱ्याला ठाऊक असते. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर राहायचे की निघायचे, एवढेच होते. जकातीचे काय, आयर्लंडच्या सरहद्दीचे काय, एक अक्षर नाही! मग जो तो स्वतःचे मागणीपत्र जनतेच्या नावावर खपवू लागला. अशा मोठ्या प्रश्नाचा निकाल हो-नाहीवर लावू नये, ही क्लार्क यांची तक्रार मला सोळा आणे पटते.

आणि ते नुसते अडून बसले नाहीत. थेरेसा मे यांच्या कराराला त्यांनी मत दिले. निघालोच तर निदान जकात-संघ तरी राखू, असा ठराव त्यांनी आणला. १ एप्रिल २०१९ रोजी तो २७३ विरुद्ध २७६ असा पडला. अवघ्या तीन मतांनी! कराराविना बाहेर पडण्याला विरोध केला म्हणून त्याच सप्टेंबरात त्यांच्यासह एकवीस जणांना पक्षाने आपल्या संसदीय गटातून काढले.

मात्र एक गोष्ट त्यांच्या हिशेबात येत नाही. १९९२ मध्ये एकतीस कोळसा खाणी बंद करण्याचे जाहीर झाले, तेव्हा क्लार्क मंत्रिमंडळात होते. त्यांतली कॉटग्रेव्हची खाण त्यांच्याच मतदारसंघातली. शेजारच्या मॅन्सफील्ड या खाणकामगारांच्या गावात २०१६ मध्ये शंभरात सत्तर जणांनी निघण्याचे मत दिले. खाण गेली, खाणीबरोबर युनियनची कचेरी गेली. त्या माणसांना तीस वर्षांत कोणी काही विचारले नव्हते. मग एक प्रश्न आला, त्याला त्यांनी सगळ्याच प्रश्नांचे उत्तर दिले.

क्लार्क यांच्याबरोबर त्याच १९७० च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे डेनिस स्किनर बोल्सोव्हरमधून आले होते. स्वतः खाणीत राबलेले. ते निघण्याच्या बाजूचे. डिसेंबर २०१९ मध्ये क्लार्क उभेच राहिले नाहीत. स्किनर उभे राहिले आणि हुजूर पक्षाच्या उमेदवाराकडून हरले.