खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट

नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूरकडे निघालेल्या जीपमध्ये गाणी नसतील, असं क्वचितच होतं. आवाज मात्र बरेचदा फाटका, चिरका. दोष दिला जातो स्पीकरला. चालक बिचारा पदरमोड करून नवे स्पीकर बसवतो आणि थोड्याच दिवसांत तेही जळतात.

खरी गोम अॅम्प्लिफायरमध्ये असते. खोक्यावर ठळक छापलेलं असतं ‘१००० वॅट’. हा आकडा क्षणभराच्या कमाल जोराचा, किंवा निव्वळ जाहिरातीचा. जुन्या टेपरेकॉर्डरवरचं ‘पीएमपीओ’ आठवा! पाहायचा तो ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणारी शक्ती. ती छापलेली नसेल तर फ्यूज बघा. ३० अँपियरचा फ्यूज, गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट; गुणाकार ४२०. (आकडाही कसा बोलका आला!) त्यातली जवळजवळ निम्मी वीज जुन्या पद्धतीच्या अॅम्प्लिफायरमध्ये उष्णता होऊन जाते. उरले सव्वादोनशे-अडीचशे वॅट. मग हजार येणार कुठून?

दुसरी गोष्ट ‘गेन’ची. या छोट्या खटक्याला बहुतेक जण आवाजाचं बटण समजतात आणि पूर्ण पिळतात. प्लेअरकडून येणारा सिग्नल कधी अर्धा व्होल्ट असतो, कधी चार. त्याचा अॅम्प्लिफायरशी मेळ घालायचा, एवढंच गेनचं काम. तो वाढवून शक्ती वाढत नाही. मर्यादा लवकर गाठली जाते आणि ध्वनिलहरीचे माथे कापले जातात. हाच तो फाटका आवाज. त्यानं ट्वीटरची केसासारखी बारीक तार जळते.

म्हणून आधी गेन शून्यावर आणा, बास-ट्रेबल मध्यावर ठेवा. ओळखीचं गाणं लावून प्लेअरचा आवाज पाऊण भाग करा. मग गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटू लागला की किंचित मागे या. वूफरसाठी मल्टिमीटर वापरता येतो. स्पीकरच्या तारा काढून ५० हर्ट्झचा सूर लावायचा आणि एसी व्होल्ट मोजायचे. १०० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे ४००. त्याचं वर्गमूळ २०. वीस व्होल्ट दिसले की थांबायचं.

आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घालू नका. मग फ्यूजऐवजी तार तापते, आणि ती तार गाडीच्या गालिच्याखालून गेलेली असते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा.