दुपारच्या सुट्टीतला पियानो



१९३९ साली महायुद्ध सुरू होताच लंडनची संगीतगृहे बंद पडली. नॅशनल गॅलरीतली चित्रेही बाहेरगावी हलविली. उरल्या रिकाम्या भिंती. पियानोवादक मायरा हेस यांनी तिथे दुपारच्या सुट्टीत मैफली सुरू केल्या. बहुधा दोनचार वाद्यांच्याच. तिकीट एक शिलिंग. बॉम्ब पडू लागले तशी मैफल तळघरात गेली, पण मोडली नाही. १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या! बाईंनी स्वतः बिदागी घेतली नाही, इतर कलावंतांना मात्र दिली. हळदीकुंकवाला गाणाऱ्या बाईच्या हाती नुसता नारळ ठेवताना, तिलाही पोट आहे हे आपण विसरतो. आणि हो, तिथे सँडविचेस करून विकणाऱ्या बायकाच होत्या. तो नफा वादकांच्या मदतनिधीला जाई.